कोऱ्हाळ्याची हौसा

बाजारात माझ्याबद्दल बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या आहेत, कारण व्यापाऱ्याचा थोडा दरारा असावा लागतो. ही गोष्ट मात्र माझ्या बायकोला माहीत नाही, पोरांना माहीत नाही. जिला सांगायला हवी होती तिलाही मी सांगितली नाही, आणि आता ती ऐकायला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीचा माणूस समोर आला की माझी जीभ आपोआप सौदा करायला लागते — थोडं झाकायचं, थोडं फुगवायचं, समोरच्याचा चेहरा बघून पुढचं बोलायचं. तुमचा चेहरा मला दिसत नाही. बरं आहे ते.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. राहायला इंदापूर, बाजार बारामतीपासून भिगवणपर्यंत कुठलाही. लोक बापूराव म्हणतात. आमचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. आई मी चालायला लागायच्या आत गेली. मला वाढवलं ते अक्कानं, माझ्या मोठ्या बहिणीनं. मुक्काम हलला की बिऱ्हाड घोड्यावर आणि मी अक्काच्या पाठीवर. मी शाळा पुरी केली तीही तिच्या हट्टानं. ती स्वतः पाटीवरची अक्षरं लागण्यापुरतीच शिकली. पुढं तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही ते तिनं सांगितलं नाही. आणि मी विचारलं का? मी तेव्हा धंदा उभा करत होतो. बापाची उरलेली मेंढरं विकून पहिली गाडी घेतली. ती मेंढरं अक्का सांभाळत होती. विकतानाही तिला विचारलं नाही.

बघा — मी कबूल करायला बसलोय आणि पहिल्यांदा तोंडात येतंय ते तिच्याविषयीचं गाऱ्हाणं. ते आधी सांगूनच टाकतो, नाहीतर मधेमधे येत राहील.

इंदापुरात मी घर बांधलं. दगडी पायऱ्या, वर पाण्याची टाकी, आणि मागच्या अंगाला अक्कासाठी वेगळी खोली. वास्तुशांतीला सगळा तालुका जेवला. अक्का आली नाही. ती तेव्हा लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला होती. निरोप आला, पाहुणे जेवायचेत, सोडून येता येत नाही. पंगतीत जो तो मला विचारायचा, "बापूराव, अक्का कुठं हाय?" आणि कुणीतरी हळूच उत्तर द्यायचं, "अक्का चिनी लोकांच्या पोळ्या लाटती." ज्या बहिणीला मी गादीवर बसवणार होतो, ती परक्यांची खरकटी काढायला राहिली. ती खोली तशीच कुलूपबंद राहिली. हे अजून जळतं. ती गेली तरी जळतं. त्याचा आणि पुढच्या गोष्टीचा संबंध आहे का? आहे. पण त्यामुळं पुढची गोष्ट हलकी होत नाही, हे मला कळतं.

कारखान्यात चीनमधून एक मोठं यंत्र आलं होतं. ते बसवायला माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर भाषा सांभाळायला एक बाई. तिचं खरं नाव मला कधी नीट आलं नाही; अक्का तिला लीना म्हणायची. पुरुष दिवसभर यंत्रापाशी आणि लीना दुपारची स्वयंपाकघरात अक्कापाशी. लीना मोबाईलमध्ये तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाईल हिंदीत बोलायचा. अक्काला हिंदी निम्मं कळायचं. उरलेलं ती मनानं भरायची.

लीनानं तिला त्यांच्या पुराणातल्या गोष्टी सांगितल्या. दहा सूर्य एकदम उगवले आणि रान जळायला लागलं, तेव्हा एका तिरंदाजानं नऊ सूर्य पाडले. चंद्रावर एक बाई राहते आणि तिच्या शेजारी ससा उखळात औषध कुटतो. मेलेला माणूस एका पुलावर येतो, तिथं एक म्हातारी त्याला आमटी पाजते, आणि ती प्यायली की मागचं सगळं विसरायला होतं. समुद्रात लांबलचक राजा राहतो, मिशांवाला. त्याला मोबाईल अजगर म्हणाला, म्हणून अक्काही अजगरच म्हणायची.

पण तिच्या मनात बसली ती वेगळीच गोष्ट. राजाची पोर समुद्रात पोहायला गेली आणि बुडाली. बुडाली आणि पाखरू झाली. तेव्हापासून ते पाखरू डोंगरावरून चोचीत खडा आणतं आणि समुद्रात टाकतं. समुद्र बुजवायचाय त्याला. समुद्र हसतो, ते टाकतच राहतं.

"मग बुजला का समुद्र?" मी विचारलं होतं.

"लीना म्हणली, अजून टाकतीच हाय," अक्का म्हणाली. "म्या म्हणलं, माझ्या खेळात बुजवायचा."

कारण तिनं खेळ केला होता. लीना परत गेल्यावर अक्काला दुपारी करमेना, तेव्हा तिनं वाकळ शिवायला घेतली आणि तिचा पट झाला. जुन्या निळ्या लुगड्याचा समुद्र. माझ्याच फाटक्या धोतराचे डोंगर. पिवळ्या झंपरांचे सूर्य, बटणानं अडकवलेले, म्हणजे पाडता यावेत. खेळणाऱ्यानं पाखरू व्हायचं, कवड्या टाकायच्या, डोंगरावरून खडा घ्यायचा आणि घर घर पुढं सरकायचं. पुलावरच्या म्हातारीच्या घरात आलात तर खडा जागेवर टाकून पहिल्यापासून निघायचं, आणि बाकीच्यांनी तुम्हाला भलत्याच नावानं हाक मारायची. समुद्राला तिनं खोल खिसा शिवला होता. सगळ्यांचे खडे मिळून तो खिसा भरला, तोंड मिटेनासं झालं, की समुद्र बुजला.

लोणी देवकरच्या तिच्या खोलीत तिनं तो पट माझ्यापुढं पसरला. मी काय केलं? जे मी कुठल्याही मालाला करतो तेच.

"जिततं कोण ह्यात?"

"समदी."

"समदी? मग खेळ कसला ह्यो? आन् टाके बघ कसं वाकडं. रंग जाणार ह्याचा."

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. तोंडाचं काम वेगळं — तोंडानं मालाला नावं ठेवायची. दात गेलेत, खूर वाकडं, पोटात जंत. विकणारा तेवढ्याच जोरानं उलटून बोलतो. "बापूराव, चष्मा लावा!" म्हणतो. शिव्यासुद्धा देतो. मग आत बोटं सरकतात. ही रीत आहे. कुणी मनावर घेत नाही. त्या दिवशी अक्कानंही घेतलं नाही. हसली आणि म्हणाली, "तू अजगरच हायस बाबा."

तेव्हा मी समुद्राच्या दाराशी शिवलेला अजगर नीट बघितला नव्हता.

मग तिनं छोटे पट केले. उरल्यासुरल्या कापडाचे, घडी घालून पिशवीत मावतील असे. प्रत्येकाबरोबर कवड्या आणि खडे. गाठोडं माझ्या पिकअपमध्ये ठेवून म्हणाली, "तू बाजारानं फिरतोस. बायाबापड्यांस्नी वाट. पैसं घेऊ नको कुणाकडनं. फकस्त खेळून कसा वाटला ते इचारून ये."

"फुकटात दिल्यालं कुणी खेळत न्हाय, अक्का."

"तू इचार तर खरं."

तिला एवढंच हवं होतं. अनोळखी माणसांना तिचा खेळ आवडतो का? आयुष्यभर तिनं बापाची मेंढरं, आईविना भाऊ, परक्यांची पोटं सांभाळली होती. आपल्या मनातून काढलेली ही पहिली वस्तू होती तिची. ते मला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं. माझा धंदाच माणसाला काय हवंय ते ओळखायचा आहे.

पहिला पट मी पिंपळीला दिला. तिथं एका घरी मी नेहमी शेळ्या घ्यायला जातो. शेळ्या गाडीत चढेपर्यंत घरातल्या बाया आणि शेजारच्या पोरी ओसरीवर पट पसरून बसल्या. मी नियम सांगितले. शेळ्या चढल्या, दोर बांधून झाले, चहा झाला, तरी कुणी उठेना. म्हातारीच्या घरात कुणी आली की काय हसायच्या! थोरल्या सुनेला सगळ्यांनी मिळून "ए दगडू" म्हणून हाक मारली आणि तिची सासू तोंडात पदर धरून हसली. निघताना ती सून गाडीपाशी आली. "दादा, कुणी केला ह्यो? त्या बाईला हितं घिऊन या की एक डाव."

खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. वाटलं, लोणी देवकरला गेलं की अक्काला आधी हेच सांगायचं.

मग बारामतीचा बाजार आला.

पिंपळीच्या त्या घरचा मालक बाजारात माझ्या आधी पोचला होता. मी उतरलो तर घोळका हसतोय. "या या, अजगरराव!" मला काही कळेना. तेव्हा त्यातल्या एकानं माझ्याच गाडीतल्या गाठोड्यातून पट ओढून पसरला आणि बोट ठेवलं. समुद्राच्या दाराशी हिरव्या जरीच्या काठाचा लांब अजगर. त्याला काळ्या दोऱ्याच्या मिशा, टोकं वर वळवलेल्या — माझ्यासारख्या. खांद्यावर टॉवेल. आणि खेळाचा नियम, तो पिंपळीच्या मालकानं सगळ्यांना पाठ म्हणून दाखवला: दाराशी आलं की अजगर झालेल्याच्या हातात हात घालायचा, वर टॉवेल टाकायचा. अजगर म्हणणार, "ह्याला खडा म्हणत्यात व्हय? उचल तुझा माल, चल!" तेव्हा पाखरानं चिडायचं नाही आणि हातचा खडाही सोडायचा नाही. त्याचं बोलणं मनावर घेऊन खडा खाली ठेवला, की खडा गेला.

हा नियम मीही पिंपळीला सांगितला होता. सांगताना मला तो ओळखू आला नाही. बाजाराला आला.

त्या दिवशी एका बोकडावर मी हात घातला. टॉवेलखाली बोटं धरली, तोंडानं नावं ठेवायला सुरुवात केली. तर विकणारा — माझ्या पोराच्या वयाचा — मला म्हणतो, "अजगरराव, म्या खडा सोडत नसतोय!" सगळा बाजार हसायला लागला. मी हात झटकून उठलो. सौदा गेला. पुढच्याही सौद्यात तेच. ज्या बाजारात मी अनवाणी शेळ्या ओढत आलो होतो आणि ज्यानं मला बापूराव केलं, तो बाजार मला हसत होता. आणि कुणामुळं? जी माझ्या घरी जेवायला आली नाही तिच्यामुळं.

मला राग आला की मी आंधळा होतो, हे माझ्याबद्दल सांगतात ते खरं आहे. मी गाठोडं सोडलं. सगळे पट काढले आणि पिकअपच्या हौद्यात शेळ्यांच्या पायाखाली पसरले. घरी येईपर्यंत त्यांचं काय व्हायचं ते झालं.

पण राग एवढ्यानं संपला असता तर मी आज लिहायला बसलो नसतो. राग असतो आणि उतरतो. पुढं जे केलं ते रागात केलं नाही. मी अंघोळ केली, कपडे बदलले, जेवलो, आणि थंड डोक्यानं लोणी देवकरला गेलो.

अक्कानं गाडीचा आवाज ओळखला. दारात आली. तिनं केस विंचरले होते, मला वाटतं माझी वाट बघूनच. मी आत बसलो. आणि मी — हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे — मी माझा बाजारातला आवाज काढला नाही. तो काढला असता तर तिनं एका क्षणात ओळखलं असतं. अजगर तिनंच शिवला होता. त्याला कसं उत्तर द्यायचं ते तिला पाठ होतं. ते मला ठाऊक होतं. म्हणून मी आवाज हळू केला. भाऊ बहिणीशी बोलतो तसा. तिची कीव आल्यासारखा.

"अक्का, कुणाला पटला न्हाय गं खेळ."

तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"पोरं हसली. बाया म्हणल्या, ह्याचं करायचं काय. आन् कोऱ्हाळ्यात एका बाईनं..." मी थांबलो. थांबणंसुद्धा ठरवून होतं. "जाऊ दे."

"काय केलं तिनं?"

"शेळ्यांखाली अंथरला."

कोऱ्हाळे बुद्रुकला मी गेलोसुद्धा नव्हतो. तिथं कुठलीही बाई नव्हती. शेळ्यांखाली पट मी अंथरले होते.

अक्का चुलीकडं वळली आणि चहाचं आधण ठेवलं. मी तिच्या पाठीकडं बघत होतो. ती आता उलटून बोलेल, "थापा मारतोस व्हय रं" म्हणेल, अजगर म्हणेल, याची मी वाट बघत होतो. म्हणाली असती तर? तर मी बाजाराचं सगळं ओकलो असतो, भांडलो असतो, आणि ते मिटलं असतं. पण ती म्हणाली नाही. कपात चहा ओतताना म्हणाली, "गरीब असंल रं ती. अंथरायला काय नसंल तिच्यापाशी."

मी चहा प्यालो. चहा चांगला होता.

पुढच्या खेपेला गेलो तर ती मोठा पट मांडीवर घेऊन उसवत होती. समुद्र निघाला होता. सूर्यांची बटणं एका वाटीत काढून ठेवली होती. सुईच्या टोकानं ती एक एक टाका उचलायची आणि दोरा ओढून घ्यायची. मला म्हणाली, "बस." मी बसलो. तोंड उघडलं तर पिंपळी बाहेर येईल असं वाटत होतं. तेव्हा काही उशीर झाला नव्हता. निम्मा पट अजून शिल्लक होता. मी शेळ्यांच्या भावाबद्दल बोलत राहिलो आणि ती उसवत राहिली.

त्या कापडाची तिनं वाकळ शिवली. चांगली जाड, साधी, कडेनं हिरवा जरीचा काठ. माझ्या हातात दिली.

"कोऱ्हाळ्याच्या त्या बाईला दे."

"कुठल्या?"

"जिच्याकडं अंथरायला न्हाय तिला. नाव काय तिचं?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हणालो, "हौसा."

असं झालं. रागाच्या भरात नव्हे, घाबरून. पहिलं सुचलं ते नाव. वाकळ मी घरी आणली, अक्कासाठी बांधलेली ती खोली उघडून आत ठेवली आणि पुन्हा कुलूप लावलं. बायकोनं विचारलं तर म्हणालो, एका गिऱ्हाइकाची आहे.

पुढच्या भेटीत अक्कानं विचारलं, "घेतली का हौसानं?" घेतली म्हणालो. "काय म्हणली?" ऊब चांगली हाय म्हणली, म्हणालो. मग अक्का विचारत गेली आणि मी सांगत गेलो. हौसाला दोन पोरी. नवरा पुण्याला वॉचमन. एक शेळी खोडकर, दुसऱ्याच्या मकवानात शिरते. अक्का हसायची. "शेळीला लोढणं बांध म्हणावं." पुढच्या वेळी मी सांगायचो, बांधलं, तरी शिरली. अक्का हौसासाठी लोणचं द्यायची, कधी बांगड्या, संक्रांतीला तिळाचे लाडू. लोणचं मी गाडीत बसून भाकरीबरोबर खायचो. टाकून देववत नव्हतं. बांगड्या त्या खोलीत गेल्या.

आणि याहून वाईट सांगू? मला ते आवडायला लागलं. घर बांधल्यापासून, त्या खेळाचं बोलणं सोडलं तर, अक्का आणि मी दोन वाक्यांपलीकडं बोललो नव्हतो. आता मी दारात बूट काढायच्या आत ती विचारायची, "हौसाची काय खबर?" आणि मी फेट्याची गाठ सोडत सुरुवात करायचो. गाभण शेळी, पोरीची दहावी, नवऱ्याचं दारूवरून भांडण. वाटेनं गाडी चालवताना मी ठरवत यायचो, आज हौसाचं काय सांगायचं. हौसाला जुळी करडं झाली त्या दिवशी अक्कानं शिरा केला. आम्ही दोघांनी तो हौसाच्या नावानं खाल्ला. लहानपणानंतर आम्ही असे कधी बसलो होतो?

एकदा धीर करून मी म्हणालो, "अक्का, समज हौसा चांगली बाई नसली तर?" ती म्हणाली, "त्या एका गोष्टीवरनं म्हणतोस? त्याचं काय मनात धरायचं. तिला कुठं ठावं हुतं ते काय हाय." माझी माफी तिथं ताटात वाढलेली होती. पण ती हौसाला होती. हौसाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मग ती मला कशी घेता आली असती?

त्या सगळ्या दिवसांत पिंपळीला तो पट खेळला जात होता. मी बघत होतो ना! शेळ्या घ्यायला गेलो की बाया ओसरीवर असायच्याच. पोरी मोठ्या झाल्या, लग्नं होऊन गेल्या, माहेरी आल्या की पुन्हा पट काढून बसायच्या. समुद्राचा खिसा फाटला तर त्यांनी नवा लावला. थोरली सून दर वेळी मला म्हणायची, "दादा, आणा की त्या बाईंना. आन् आजून दोन पट मिळत्याल का? हितल्या पोरी भांडत्यात." मी म्हणायचो, "करणारी आता करत न्हाय." का करत नाही, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हणालो, "डोळं अधू झाल्यात." अक्काचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. सुईत दोरा एका फटक्यात ओवायची.

अक्काला घेऊन पिंपळीला जाणं मला केव्हाही जमलं असतं. गाडी माझी, रस्ता माझा रोजचा. मी तिला ओसरीसमोर नुसतं उतरवलं असतं तरी पुरे होतं. काही बोलायचीही गरज नव्हती. पण तिथं ती विचारणार, हे केव्हापासून खेळतायत? आणि मग हौसा मरणार. हौसा मेली की मी कोण उरतो, ते मला बघायचं नव्हतं.

अक्काला पोटाचा आजार निघाला तेव्हा फार पुढं गेला होता. बारामतीच्या एका दवाखान्यात तिला मी चांगली खोली घेऊन दिली. ही एक खोली तिनं नाकारली नाही. नाकारायची ताकद नव्हती. एका दुपारी मी एकटाच तिच्यापाशी होतो. मी तिला चहाचा कप दिला, तिनं एक घोट घेऊन तो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बापू, हौसाला आण की एकदा. बघू दे मला."

मी म्हणालो, "लेकीकडं गेलीया ती. बाळंतपणाला."

"कंच्या? थोरलीच्या?"

"थोरलीच्या."

"असू दे मग. तितंच राहू दे तिला." तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. "म्या येवढा जीव लावून खेळ केला, कुणाला पटला न्हाय. पर हौसानं वाकळ घेतली बघ. माझ्या हातचं येकीनं तरी ठिऊन घेतलं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. ती शुद्धीवर होती. तिला नीट ऐकू येत होतं. पिंपळी तिथून इतकी जवळ की उठून निघालो असतो तर तिच्या कपातला चहा निवायच्या आत त्या सुनेला, पोरींना, त्या फाटक्या पटाला तिच्या पलंगापाशी आणून उभं केलं असतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हय अक्का. लई जपती ती वाकळ."

ती हसली. मग तिचा डोळा लागला.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही, आणि थोड्याच दिवसांत गेली. आपला खेळ कुणालाच आवडला नाही, हे ती खरं मानून गेली. ते खोटं आहे हे तिला सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो रोज तिच्या उशाशी बसून होता.